सूर्यफुलात झोपलेला भुंगा

"अहो... ऐकू येतंय का तुम्हाला?"

कुणाची तरी गार बोटं तिच्या मनगटावर टेकली, आणि फुलावरचा भुंगा भुर्रकन उडाला.

"गेला!" ती कळवळली.

"कोण?"

"भुंगा! त्याच्यासाठी केव्हाची पालथी पडलेय मी इथे."

पांढऱ्या कोटातला तो तरुण ओशाळून मागे सरकला. "मला वाटलं, चक्कर येऊन पडलात. नाडी बघत होतो."

"सापडली?"

"हो. पण फार जोरात पळतेय."

"कुणाची?" तिने विचारलं, आणि त्याचे कान लाल झाले.

तो दातांचा डॉक्टर. फुलं त्याच्याच दवाखान्याच्या अंगणातली. ती समोरच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. दिवसभर "हनुवटी वर, हसू नका" म्हणून म्हणून जीव विटला, की दुपारच्या सुट्टीत इथे यायची. कॅमेऱ्याच्या भिंगातून भुंगा केवढा दिसायचा! पाठीवरची मखमल, पायांना चिकटलेले पिवळे परागकण, पंखांवरची नाजूक जाळी...

मग तोही दुपारी बाहेर येऊ लागला. ऊन फार झालं, की फुलावर छत्री धरायचा. छत्री मात्र हळूहळू तिच्या डोक्यावर यायची.

"भुंग्यावर धरा ना..."

"त्याला काय होतंय? तो काळाच आहे."

तिचे फोटो पाहून दूरच्या शहरातल्या एका बियाणे कंपनीने तिला बोलावलं. वर्षभर नुसती फुलं आणि किडे टिपायचे! तिने आनंदाने बातमी सांगितली. तो म्हणाला, "छान. अभिनंदन." बस, एवढंच. तिचा चेहरा पडला. मागे वळते तोच दवाखान्यातून त्याच्या ताईचा आवाज आला, "जगाची तोंडं उघडतोस, स्वतःचं कधी उघडणार रे?"

तिने ऐकलं. पण त्याचं तोंड काही उघडलं नाही.

निघायच्या दिवशी पहाटेच फोन वाजला. "लवकर या... तो झोपलाय."

ती तशीच धावली. अंगणात धुकं उतरलं होतं. सूर्यफुलाच्या कुशीत एक भुंगा निपचित पडला होता, अंगावरच्या केसाकेसावर दवाचा थेंब घेऊन. ती गुडघ्यांवर बसली. तो शेजारी, श्वास रोखून. एका थेंबात तिला अख्खी बाग उलटी दिसली, आणि त्या बागेत, अगदी इवलासा, तिच्याकडेच बघणारा तो.

तिने बटण दाबलं.

ऊन आलं. भुंगा शहारला, पंख झटकले आणि गुणगुणत निघून गेला.

"जाऊ नका, असं मी म्हणणार नाही," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही जायलाच हवं. पण... मी आलो तिकडे, तर?"

"आणि दवाखाना?"

"ताई सांभाळेल. तीही डॉक्टरच आहे, माझ्याहून बरी. आणि दात काय, तिकडच्या लोकांनाही असतातच की."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले.

"ये," ती म्हणाली.

तो चमकला. "ये... म्हणालात?"

"म्हणाले."

त्याने अलगद तिचं मनगट धरलं. यावेळी नाडी बघायचं त्याला सुचलंच नाही.

"परत म्हण ना."