आखूड पाना

बाजाराचा दिवस होता, आणि काकासाहेब वकिलांची मोटार नेमकी रखमाजी कासाराच्या दुकानासमोर बंद पडली. अंबडमध्ये तेव्हा, म्हणजे एकोणीसशे अडतीस साली, चालत्या मोटारीपेक्षा बंद पडलेल्या मोटारीभोवती जास्त माणसं जमत. चालती मोटार धुरळ्यात दिसेनाशी होते. बंद पडलेली निवांत बघता येते. मागे कापसाच्या गाड्या अडल्या. वकीलसाहेबांनी कागदांचं बोचकं बगलेत मारलं, ड्रायव्हरकडे एक नजर टाकली आणि ते कोर्टाकडे पायीच निघाले.

दुकानात रखमाजीची एकुलती मुलगी झुंबर बांगड्या भरत बसली होती. वय वीस. त्या काळच्या मानाने लग्नाला उशीरच झालेला. रखमाजीला मुलगा नव्हता, त्यामुळे पोरीबरोबर दुकानही सांभाळील असा जावई त्याला हवा होता, आणि असा काही सापडत नव्हता. झुंबरला त्याची घाई नव्हती. दिवसभर बायांचे हात हातात धरून तिने त्यांचे संसार ऐकले होते. लग्नाबद्दल उतावीळ व्हावं असं त्यात तिला फारसं काही आढळलं नव्हतं.

ड्रायव्हर मोटारीच्या पायरीजवळची पेटी उघडून उकिडवा बसला. पेटीत बॅटरी होती. बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या असतात, खुंटीवर तारेचं कडं बसतं आणि ते कडं नटाने आवळतात. ते सैल झालं होतं. ड्रायव्हरने हातभर लांबीचा पाना काढला, एक पाय पायरीला लावला आणि खांद्यापासून जोर लावला.

"बस," झुंबर म्हणाली.

समोरच्या बाईला वाटलं, तिलाच म्हणाली. ड्रायव्हरने आणखी दोन हिसके दिले. कट् असा बारका आवाज झाला.

"तुटलं," झुंबर म्हणाली आणि सातवी बांगडी चढवली.

ड्रायव्हर उठून दुकानाशी आला. अंगाने थोराड, कपाळावर तेलाचा काळा पट्टा, आणि चेहरा मात्र शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखा.

"बस तुम्हीच म्हणल्या का?"

"हो."

"मोटारीतलं कळतं?"

"न्हाई. तुमचा खांदा दिसून राह्यला होता. येवढा खांदा मोट वढायला लागतो."

"सैल राह्यलं की मोटार बंद पडती. आवळावं तर लागतंच."

"आवळा की. पर ते हलायचं थांबल्यावर बी तुम्ही दोन हिसके दिले. ते कशापायी?"

यावर तो हसला, आणि हसल्यावर तो बरा दिसतो हे झुंबरच्या ध्यानात आलं. बांगड्या भरून घेणाऱ्या बाईच्याही आलं.

त्याचं नाव भुजंग. जातीचा कासारच, पण जालन्यातल्या भांडी घडवणाऱ्या कासारांचा. बापाशेजारी बसून हंडे ठोकत मोठा झालेला. पुढे मोटारीच्या कारखान्यात काम शिकला, पण हात हंडे ठोकणाऱ्याचाच राहिला. तीन महिन्यांत तोडलेली ही तिसरी खुंटी. चौथी तुटली तर दुसरी नोकरी बघ, असं वकीलसाहेबांनी त्याला शांतपणे सांगून ठेवलं होतं.

पुढच्या बाजाराला तो आपण होऊनच दुकानासमोर थांबला. जालन्याला शिसं वितळवून नवी खुंटी बसवून आणली होती.

"तुमच्या हाताला कसं कळतं, कुठं थांबायचं ते?" त्याने विचारलं.

"बांगडी बोटानं चढवायची. खांदा मधी आला की काच गेली."

त्याने पाना पुढे केला. "मंग दाखवा."

आतून साळूबाई, म्हणजे झुंबरची आई, खाकरली. झुंबरने पदर खोचला, खाली उतरली आणि मोटारीशी जाऊन बसली. लोकांनी गर्दी केली; वकिलाच्या मोटारीला कासाराची पोर हात लावते, हे काही रोज दिसत नाही.

"खुंटीवर हे पांढरं काय जमलंय?"

"येतं ते."

"पुसा आधी. आन् कडं पुरतं खाली बसलंय का?"

त्याने पुसलं, कडं तळहाताने दाबून खाली बसवलं. झुंबरने पाना टोकाला न धरता नटाजवळच्या तोंडाशी धरला, तीनच बोटांनी. नट फिरवत नेला. बोटं अडली तिथे गव्हाच्या दाण्याएवढा आणखी फिरवला, आणि हात काढून घेतला.

"इतकंच?"

"हलवून बघा."

भुजंगने कडं धरून हलवलं. तिनेही धरून दाखवलं. हललं नाही.

"बराबर," तो म्हणाला, आणि मग दोघांच्या लक्षात आलं की एवढ्याशा कड्यावर चार हात आहेत. झुंबरने सावकाश आपले काढून घेतले. ती रोज पंचवीस हात धरत असे, आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एकही आठवत नसे. हा मात्र दुसऱ्या दिवशीही आठवला. तिला याचं नवल वाटलं, थोडा रागही आला.

तिसऱ्या बाजाराला भुजंगने खिशातून जो पाना काढला, तो वीतभरच होता.

"पाना कापला?"

"करवतीनं. लांब होता तोवर खांदा ऐकत नव्हता."

"वकीलसाहेब काय म्हणले?"

"चांगला पाना काहून कापला, म्हणले. म्या म्हणलं, एका दुकानात शिकून आलो."

"कोणच्या दुकानात, ते न्हाई विचारलं?"

"विचारलं."

"मंग?"

"न्हाई सांगितलं…" तो पाना पुसत राहिला, "अजून."

पौष गेला, माघ आला. भुजंग दर बाजाराला मोटार थांबवायचा, पेटी उघडायचा. कधी रस्त्याकडेच्या शेतातला हुरडा रुमालात बांधून आणायचा आणि "मामीला द्या" म्हणून साळूबाईच्या नावाने ठेवून जायचा. साळूबाईला दात कमी होते. हुरडा कोण खातं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मागल्या बाजारी तर बघितला होता नट," झुंबर म्हणायची.

"रस्ता खराब हाय. हलतंय."

"काय हलतंय?"

"…सगळंच."

ती बांगड्यांच्या माळेत तोंड घालायची. गालात हसू दाबायला ती जागा फार चांगली. पण त्यापुढे भुजंग बोलत नसे. नट कुठवर आवळायचा हे त्याला आता नेमकं कळत होतं. बोलणं कुठवर न्यायचं, ते मात्र कळत नसावं. झुंबर आपण होऊन बोलणारी नव्हती. वाट बघत होती, असंही ती कुणाला म्हणाली नसती.

माघाच्या शेवटी परतूरचं स्थळ आलं. बद्रीनाथ. बांगड्यांचाच धंदा, धाकटा भाऊ हाताशी, अंबडला येऊन रखमाजीचं दुकान सांभाळायची तयारी. बद्रीनाथमध्ये नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि झुंबरची अडचण नेमकी तीच होती. रखमाजी इतका खूश झाला की वकीलसाहेबांकडे जाऊन त्याने मोटार मागितली. पाहुणे आगगाडीने जालन्याला उतरणार, तिथून त्यांना सन्मानाने आणायचं. मुलगी बघणं बाराच्या आत व्हायला हवं होतं. बद्रीनाथची आत्या, गोजरबाई, मुहूर्ताला फार मानणारी. बारा टळले तर ती उंबरा न ओलांडता परत फिरेल आणि पुन्हा या दाराशी येणार नाही, असा निरोप आधीच आला होता.

मोटार आणणार कोण, तर भुजंग.

आदल्या दिवशी तो पेटी उघडून बसला, पण नटाला हात लावेना.

"उद्या पावणे आणायचेत," तो म्हणाला.

"ठाऊक हाय."

"सोळा मैल रस्ता. नट जरा सैल राह्यला, तर मधीच मोटार बंद पडती. बारा काय, दोन बी वाजतील…"

त्याने हे हसत म्हटलं, पण बघत होता तिच्याकडे. ठेवा सैल, एवढंच तिला म्हणायचं होतं. ते शब्द ओठांपर्यंत आले होते.

"तुमची मोटार," ती म्हणाली, "तुमचा नट."

दुसऱ्या दिवशी साळूबाईने तिला हिरवं लुगडं नेसवलं. झुंबर माजघरात बसून बाहेरचे आवाज ऐकत राहिली. दहा वाजले. अकरा वाजले. रस्त्यावरून बैलगाड्या गेल्या, पाणक्या गेला. बद्रीनाथचं बिचाऱ्याचं काय चुकलं, असंही तिच्या मनात आलं, आणि तरी तिने मनापासून इच्छा केली की मोटार कुठेतरी बाभळीखाली उभी असावी. आयुष्यात इतकं तिने काही मागितलं नव्हतं.

साडेअकराला हॉर्न वाजला.

मोटार दारात येऊन उभी राहिली. इंजिन एकसारखं चालू होतं, कुठे अडखळ नाही, खोकला नाही. झुंबरला फार वाईट वाटलं. म्हणजे त्याच्या मनात काही नव्हतंच. एवढे दिवस तो खरोखर नटच बघायला येत होता. तिने डोळे पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि बोलावल्यावर पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर गेली.

गोजरबाई प्रवासावर खूश होती. "काय मऊ आणलं पोरानं. जरा बी ताटकळत न्हाई ठेवलं."

"मधी एक डाव थांबला होता," बद्रीनाथ म्हणाला. "बाभळीखाली. पेटी उघडून लई वेळ बसला. मला वाटलं, देवाचं नाव घेऊन राह्यला. मंग पेटी लावली आन् निघाला."

झुंबरच्या हातातलं तबक किंचित कललं.

भुजंग अजून दाराबाहेर उभा होता. टोपी हातात, हात कोपरापर्यंत काळे. ड्रायव्हरने पाहुणे उतरवले की मोटारीत जाऊन बसायचं असतं. तो गेला नाही.

"मामा, एक बोलायचं हाय," तो रखमाजीला म्हणाला.

"जेवणाचं का? तुझं पान वाढायला सांगितलंय."

"जेवणाचं न्हाई." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "बाभळीखाली म्या नट सैल करायला बसल्तो. पाना लावला बी होता. बारा टळू द्यायचे होते मला."

गोजरबाईची सुपारी तोंडाशीच राहिली. रखमाजीला अजून काही कळलं नव्हतं.

"कशापायी?"

"झुंबरपायी." तो थांबला. मग जे तीन महिने बोलला नव्हता, ते एका दमात बोलला. "मला ती पाहिजे, मामा. पर पावण्यांना उन्हात बसवायचं, त्यांचा दिवस नासवायचा आन् मंग तुमच्या दारी येऊन मागायचं… ते मागणं न्हाई, ती चोरी हाय. म्हणून नट बराबर आवळला, यांना येळेत आणलं, आन् आता यांच्यासमोर मागून राह्यलो. तुम्ही न्हाई म्हणा, यांना परत बी येळेतच सोडीन."

माजघरात पुसलेलं पाणी परत झुंबरच्या डोळ्यांत येऊ बघत होतं, आणि या खेपेला तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

रखमाजी मुलीकडे वळला. आवाज कडक होता. "तुला हे ठाऊक होतं?"

"न्हाई, आबा."

"मंग?"

"वाट बघून राह्यले होते."

साळूबाईने आतल्या आत एक सुस्कारा सोडला. गोजरबाईने बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथ जमिनीकडे बघत होता, त्याचा चेहरा जरा उतरला होता, पण तो सावकाश म्हणाला, "आत्या, जिचं मन ठरलंय ती कशाला न्यायची? पोरानं तोंडावर सांगितलं, हेच लई झालं."

रखमाजी मात्र अजून भुजंगकडेच बघत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, काळजी होती. त्याने आयुष्यभर त्या सहा हात रुंद दुकानात बसून संसार केला होता.

"तू मोटार चालवणार," तो म्हणाला. "आज जालना, उद्या आणखी कुठं. तुझ्या हाती काच टिकायची न्हाई. मंग माझ्यामागं माझं दुकान कोण सांभाळणार?"

सांभाळीन म्हणायला भुजंगने तोंड उघडलं, पण खोटं बोलायचं नाही हे त्याने सकाळीच ठरवलं होतं.

झुंबरने तबक खाली ठेवलं. बापाच्या डोळ्याला डोळा देऊन ती म्हणाली,

"मी."