टाकी भरलेली होती

पेटीचं झाकण वर झालं आणि कुंताबाईंच्या हातातलं फुलांचं ताट तसंच राहिलं.

आत लाल मखमल होती. मखमलीवर दोन पावलांचे दाब होते. पादुका नव्हत्या.

वडनेरच्या राममंदिरापुढे टाळकरी उभे होते, त्यांचे टाळ एकेक करून थांबले. नाचणगावच्या दौलतरावांच्या देवघरातल्या गुरुमहाराजांच्या चांदीच्या पादुका दर रामनवमीच्या सप्ताहाच्या सांगतेला इथं येत. एकदा घरातून निघाल्या की वडनेरच्या चौरंगावर बसेपर्यंत त्या भुईला टेकायच्या नाहीत, असा नेम. तो नेम दौलतरावांची विधवा बहीण कुंताबाई सांभाळायच्या. पेटी त्यांच्या मांडीशी आणि किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

किल्ली अजूनही कमरेलाच होती. कुलूपही शाबूत होतं.

"त्या प्रेम्याले धरा," दौलतराव शांतपणे म्हणाले. ते आदल्या दिवशीच येऊन राहिले होते.

सप्ताहाच्या बंदोबस्तावर आलेले जमादार सदाशिवराव गर्दीतून वाट काढत पुढे येईपर्यंत लोकांनी गाडीच्या ड्रायव्हरला निंबाच्या खोडाशी बांधलं होतं. ओठ फुटला होता. डोक्यावरची टोपी कुणीतरी धुळीत तुडवली होती.

सदाशिवरावांना खरं तर आज चाकरी गोड वाटत होती. संध्याकाळी बुवांचं कीर्तन होतं, आणि कीर्तन म्हटलं की हा माणूस तहानभूक विसरायचा. पण समोरचा प्रकार पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दोर सोडा."

"साहेब, चोर आहे तो," कुणीतरी ओरडलं.

"असंल. मंग तो माह्या ताब्यात पायजे का तुमच्या?"

दोर सुटला. दौलतराव पुढे आले. "जमादार, हा मानूस गेल्या दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला. देव सोडले यानं. ज्याले देवाचं भेव नाई त्याले चोरीचं काय?"

"देव माननारे चोर माह्या कोठडीत लय येऊन गेले, दौलतराव. वाटंत काय झालं ते सांगा."

झालं होतं ते असं. सकाळी गाडी निघाली. गाडीत तिघं: चालवायला प्रेमदास, त्याच्या शेजारी बुवांचे मृदंगी चंद्रभान, मागे पेटी घेऊन कुंताबाई. हिंगणघाटला पाणी प्यायला थांबून पुढे निघाल्यावर, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची रिकामी काळी रानं लागली तिथं, गाडी आचके देऊन बंद पडली. काटा शून्यावर. प्रेमदास पेट्रोल आणायला उन्हात चालत मागे गेला आणि दुपार कलल्यावर एका ट्रकावर बसून डबा घेऊन आला.

"आन् डबा टाकीत मावेचना," दौलतराव म्हणाले. "अर्धा भुईवर सांडला. हे पाहा, आत्ताही काटा भरल्याच्या खुणेवर आहे. टाकी भरलेली होती, जमादार. पेट्रोल संपलं म्हनून खोटं बोलला. रानात गाडी उभी केली, पादुका घेऊन गेला, कोनाले तरी देऊन आला. उद्या काला झाला का याले हिंगणघाटच्या ठाण्यात नेजो. नाई नेलं तं लोक काय करतीन ते मले सांगता येत नाई."

पारावरच्या गर्दीनं माना हलवल्या. लोक काय करतील ते सदाशिवरावांना त्या माना पाहूनच कळलं.

त्यांनी प्रेमदासला गाडीपाशी नेलं. गाडी जुनी, लढाईच्या आधीची, पुलगावच्या डेपोच्या लिलावात घेतलेली.

"पानी पेलास?"

"विहिरीवर येऊ देत नाईत, साहेब."

सदाशिवरावांनी आपला तांब्या पुढे केला. तो रिकामा होईपर्यंत थांबले.

"आता सांग. टाकी भरलेली होती?"

"होती जी. सकायी पुलगावच्या पंपावर मुनीमजीनं काठोकाठ भरून देली."

"मंग इतक्यात संपली असं तुले काऊन वाटलं?"

"काट्यानं सांगतलं. मले वाटलं टाकी गयली. खाली वाकून पाह्यलं, पन त्या काया मातीत वल टिकते का?"

"टाकीत काडी टाकून पाहाची."

प्रेमदास पहिल्यांदाच हसला. ते हसू फुटक्या ओठाला सोसलं नाही. "माही काडी होती जी, बांबूची. काटा सालोसाल मेलेला होता, तं मी काडी टाकूनच चालवो. मालकाले वाटे का मी पेट्रोल चोरतो आन् काडीचं खोटं सांगतो. मंग नागपूरहून टाकीतलं नवं यंत्र आनलं. ताराचंद मिस्त्रीनं घरच्या आंगनात बसवलं, माही काडी मालकानं चुलीत घातली. म्हने, आता तुह्यावर मीटरची नजर."

"कसं बसवलं? मले काई समजत नाई त्यातलं."

"मांगच्या गादीखाली गोल झाकन आहे. जुनं यंत्र काढलं तं त्याचा बुचाचा तरंगता गोया सडून टाकीच्या बुडाशी गेलता. नव्याले पितळी डबी आहे. पेट्रोल वर तं डबी वर, पेट्रोल खाली तं डबी खाली. तिच्या दांडीपासून एक तार समोरच्या काट्यापर्यंत जाते. मिस्त्रीनं आधी काटा तपासला. तार गाडीच्या लोखंडाले टेकवली तं काटा शून्यावर, उचलली तं भरल्याच्या खुणेवर. म्हने काटा चांगला हाय, यंत्रच मेलतं."

"हे पाहाले कोन कोन होतं?"

"सारंच घर जी. मालक, बाई, मुनीमजी. चंद्रभानजी मृदंगाले शाई लावून आलते, तेही होते."

"बरं. गाडी बंद पडली, तवा काटा आधी कोनी पाह्यला?"

प्रेमदास आठवू लागला. "मी चाबी तशीच ठेवून खाली उतरलो, बोनेट उघडून पंप पाहून राह्यलतो. चंद्रभानजीनं हाक मारली, 'प्रेमदास, काटा पाहा.' ते खाली वाकून पानाचा बटवा हुडकून राह्यलते. म्या खिडकीतून पाह्यलं. शून्य."

"आन् परत येऊन झाकन उघडलं तवा?"

"तवा सूं करून आवाज झाला जी. जसं कोनी दम कोंडून धरला होता आन् आता श्वास घेतला. डबा ओतला तं सांडला. गाडी मातर एका हिसक्यात चालू झाली."

सदाशिवरावांनी टाकीचं झाकण काढून उलटं केलं. आत एक बारीक भोक होतं आणि त्या भोकात काहीतरी पांढरट, कडक अडकलेलं होतं. बाभळीच्या काट्यानं त्यांनी ते टोकरून तळहातावर घेतलं. पेट्रोलचा वास होता, पण पेट्रोलात ते विरघळलं नव्हतं. थुंकी लावून चोळलं, तर बोटाला चिकटलं.

ते त्यांनी रुमालात बांधलं.

कुंताबाई मंदिराच्या ओसरीवर बसल्या होत्या. डोळे कोरडे, आवाज धारदार.

"मले काय विचारता? त्या बाटग्याले विचारा."

"त्याले विचारलं, बाई. तुम्ही कोठी होत्या?"

"चिचेच्या सावलीत. जप करत. पेटी भुईवर ठेवता येत नाई, म्हनून गाडीतच ठेवली. पन गाडीवर माही नजर होती."

"चंद्रभान कोठी होता?"

"गाडीच्या पायरीवर, मांडीवर मृदंग घेऊन. उन्हानं चामडं सैल झालं म्हने. वाद्या सोडत होता, ओढत होता, वाद्यांखालचे लाकडी गट्टे हातोडीनं टकटक ठोकत होता. सारा वेळ डोयासमोर होता बिचारा. सकायपासूनच त्याच्या मागं त्या मृदंगाचंच. मी पोया लाटून राह्यली तं म्हने बाई, कनकीचा गोया द्या. म्हटलं बाप्पा, कीर्तन संध्याकायी, आताच कायले?"

"मंग देला?"

"देला. वल्या फडक्यात बांधून नेला."

सदाशिवरावांनी पेटी मागून घेतली. कुलूप नीट होतं. मागच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या मात्र डोक्याशी ताज्या चमकत होत्या.

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. चंद्रभान म्हणत होता की बोट दुखतं, आज टाळांवरच भागवा. बुवांनी ऐकलं नाही. "दौलतरावांच्या पादुका गेल्या म्हनून देवाचा मृदंगही जावा?"

सदाशिवराव खांबाला टेकून बसले. बुवांनी नमन धरलं, आणि जमादारांच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. मग मृदंगानं पहिला 'धा' दिला.

तो 'धा' नव्हता. उजव्या पुडीची 'ना' खणखणत होती, पण डाव्याचा तो पोटातून येणारा हुंकार, जो ऐकून म्हातारीकोतारी माणसंही मान डोलवतात, तो आलाच नाही. धान्याच्या भरल्या पोत्यावर थाप मारावी तसा थप्प आवाज आला. बुवांनी वळून पाहिलं. चंद्रभाननं डाव्या पुडीवर आणखी कणीक थापली. पुन्हा थप्प.

सदाशिवरावांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, जमादार रंगले.

सकाळी काल्याआधी त्यांनी सगळ्यांना मंदिराबाहेरच्या पारावर बोलावलं. बाहेर, कारण प्रेमदासला आत येऊ देत नव्हते आणि त्याच्याशिवाय त्यांना बोलायचं नव्हतं.

"लवकर आटपा," दौलतराव म्हणाले. "याले गाडीत घालून मीच ठाण्यात सोडतो."

"टाकी भरलेली होती, दौलतराव. हे तुमचं बोलनं खरं. पन भरलेल्या टाकीची गाडीही बंद पडते. टाकीच्या झाकनाले बारीक भोक असते. पेट्रोल जाते तशी त्यातून हवा आत येते. ते भोक बुजवलं तं टाकीचा दम कोंडतो, पेट्रोल पुढं सरकत नाई. झाकन उघडलं का टाकी श्वास घेते, गाडी चालू. प्रेमदासनं तो आवाज आयकला." त्यांनी रुमाल सोडला. "हे त्या भोकातलं. मेन असतं तं पेट्रोलात विरघयलं असतं. ही कनीक आहे."

पारावर कुजबुज झाली. चंद्रभाननं मृदंग जवळ ओढला.

"कनीक मृदंगाच्या डाव्या पुडीले लागते, वाजवायच्या ऐन वेळेले. सकायी लावली तं संध्याकायपर्यंत सुकून गयून पडते, हे चंद्रभान, तुले मी काय सांगू? तरी तू सकायीच गोया मागतला. हिंगणघाटले गाडी थांबली, प्रेमदास आन् बाई पानी प्याले गेले, तवा तू भोक बुजवलं."

"कनीक घरोघरी असते," चंद्रभान म्हणाला.

"असते. पन काटा? प्रेमदास बोनेटखाली होता. तू बटवा हुडकाले वाकला, काट्यामागची तार हातोडीच्या लोखंडानं गाडीशी जोडली आन् हाक मारली. ताराचंद मिस्त्रीनं सगळ्यांसमोर दाखवलंच होतं, तार लोखंडाले टेकली का काटा शून्य. हातोडी काढली, खून राह्यली नाई. याची काडी असती तं तिनं खरं सांगतलं असतं. ती चुलीत गेली."

दौलतरावांनी नजर वळवली.

"मंग तुले दुपार मोकयी भेटली. बाईनं टकटक आयकली ती गट्ट्यांची नव्हती. तू पेटीच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या, परत बसवल्या. बाई, तुमच्या डोयासमोर वाद्या सुटल्या, पुडी निघाली, पुडी बसली. तुम्ही पाह्यलं सारं."

कुंताबाईंचा हात तोंडावर गेला.

"काल साऱ्या सामानाची झडती झाली, पन देवाच्या वाद्याले कोन हात लावते? काल सांच्याले त्या मृदंगानंच सांगतलं. पोट भरलेला मृदंग बोलत नाई. वाजव चंद्रभान, एक 'धा' दे. तो नीट आला तं मी तुह्या पाया पडतो."

चंद्रभानचा हात पुडीवर गेला आणि तिथंच राहिला.

"त्या आमच्या आहेत," तो हळू म्हणाला. "महाराजांनी माह्या आज्याले देलत्या. यांच्या बापानं सांभाळाले म्हनून नेल्या आन् परत देल्या नाईत. मी सालोसाल त्यांच्यापुढं वाजवलं, पन कधी हात लावू देला नाई."

"असंल तसं. तुह्या आज्याची गोष्ट मी कीर्तनात बसून आयकली असती, डोये पुसले असते. पन देव घरी न्याचा म्हनून हा मानूस तुरुंगात घालाचा? काल याचा ओठ फुटला, तवा तू कोठी होतास?"

चंद्रभाननं मृदंगावरचा हात काढून घेतला.

"प्रेमदास, मृदंग धर."

गर्दीतून नापसंतीचा आवाज उठला. सदाशिवरावांनी तिकडे पाहिलं, आवाज बसला. त्यांनी वाद्या सोडल्या. डावी पुडी निघाली तसं उपरण्याचं बोचकं घसरलं, उलगडलं आणि चांदी पाराच्या कडेवरून खाली निघाली.

प्रेमदासनं मृदंग सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. पादुका भुईला टेकल्या नाहीत.

ज्यानं हे देव सोडले त्याच्या ओंजळीत ते होते, आणि तो कुंताबाईंकडे पाहत होता. कुंताबाईंनी आधी भावाकडे पाहिलं, मग त्या फुटक्या ओठाकडे. मग पदर पुढे पसरला.

"दे, बापा," त्या म्हणाल्या.

चंद्रभानला शिपाई घेऊन गेला. दौलतरावांनी घसा साफ केला. "झालं ते झालं, प्रेमदास. गाडी काढ."

प्रेमदासनं निंबाची एक सरळ फांदी मोडली, पानं ओरबाडली, आणि टाकीचं झाकण उघडून ती आत सोडली. बाहेर काढून मालकासमोर धरली. काडी वरपर्यंत ओली होती.

"पाहून घ्या, मालक. भरलेली हाय."

ओली काडी त्यानं बोनेटवर ठेवली, तिच्याशेजारी चाबी ठेवली, धुळीतली टोपी उचलून झटकली आणि हिंगणघाटच्या वाटेनं चालू लागला.

सदाशिवराव तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. आत काल्याचे टाळ सुरू झाले होते, मृदंगाशिवाय.