झाकणाआडचे दोन दिवे

दुपारचा चहा, पाव आणि कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो संपवून मिरेया डोंगरावरच्या वेधशाळेत अंधाराचे फोटो काढायला बसली. दुर्बिणीचं झाकण बंद ठेवून कॅमेऱ्याला नुसता काळोख दाखवायचा; मग रात्रीच्या फोटोंतून कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करता येतात. कंटाळवाणं काम, पण कुणीतरी करायलाच हवं.

या फोटोंत कधी काही दिसत नाही. त्या सोमवारी दिसलं. मधोमध दोन ठिपके, अगदी शेजारी शेजारी.

खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर गातिका आठवड्यासाठी सांतियागोहून वर आले होते, आपल्या लाडक्या तारकागुच्छासाठी. सूर्याच्या कैकपट वजनाचे तरुण तारे तिथे दाटीवाटीने जन्मले होते आणि लवकरच फुटून मरणार होते. "बिचारे, ऐन उमेदीत जाणार," असं डॉक्टर जेवताना हळहळत, तेव्हा मिरेयाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

तिचा नवरा निबाल्दोही उमेदीतच गेला होता, गाडीसकट दरीत. दुर्बिणीत उजेड जाऊ नये म्हणून डोंगरावर रात्री दिवे विझवून गाडी चालवायची, हा इथला नियम. फक्त दरीच्या वळणावर दिवे लावायची मुभा. त्या रात्री याच गुच्छाचा फोटो चालू होता, आणि डॉक्टरांनी वायरलेसवरून निबाल्दोला तेही विझवायला लावले, असं पहारेकरी म्हणाला होता. चौकशीत मात्र त्याला काही आठवेना. डॉक्टरांनी सांगितलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. मिरेयाला आता दुसरं काही नको होतं. एकदा त्यांच्या तोंडून खरं ऐकायचं होतं.

"झाकणातून उजेड गळतोय," ठिपके बघून डॉक्टर म्हणाले. "काळं कापड बांध."

तिने बांधलं. दुसऱ्या दिवशी ठिपके होतेच, फक्त एकमेकांपासून थोडे दूर. तिसऱ्या दिवशी आणखी दूर, आणि मोठे.

"तुमचे तारे असे सरकतात का हो, डॉक्टर?"

"तारे नाहीत ते. कॅमेरा म्हातारा झालाय."

"समोरून गाडी जवळ येताना दिवे असेच फाकत जातात."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "अगं, इतकी वर्षं झाली. किती दिवस तेच उगाळत बसणार आहेस?"

"तुम्ही सांगेपर्यंत. काय म्हणाला होतात त्याला?"

"काही नाही. झोपला होता तो. आणि हे फोटो पुसून टाक."

तिने पुसले नाहीत.

पुढच्या दिवशीचा फोटो पाहून डॉक्टर ताडकन उठले. काम अर्धवट टाकून त्यांनी बॅग भरली आणि भर उन्हात एकटेच गाडी घेऊन निघाले. दरीच्या वळणावर निबाल्दोच्या आठवणीसाठी उभारलेलं, त्याच्या नावाचं पत्र्याचं छोटं घरकुल आहे. जाणारा प्रत्येक जण तिथे हॉर्न वाजवतो. डॉक्टरांनी आजवर कधी वाजवला नव्हता.

मिरेयाने आणखी एक फोटो घेतला. दोन्ही दिवे आता फोटोच्या दोन कडांना टेकले होते.

वायरलेस खरखरला.

"मिरेया, वर कोण येतंय?"

खिडकीतून सगळा घाट दिसत होता. पांढऱ्या रस्त्यावर त्यांची एकच गाडी होती, वळणाजवळ.

"कोणी नाही, डॉक्टर."

"कोणी नाही कसं? डोळे दिपतायत माझे."

मग त्यांचा आवाज बदलला. तो वैतागलेला, हुकमी आवाज ती ओळखत होती.

"दिवे विझव म्हटलं ना, निबाल्दो. फोटो खराब होतोय माझा. वळणबिळण मला सांगू नकोस."

इतकी वर्षं मिरेयाला जे ऐकायचं होतं, ते हेच होतं. तिने बोलायला बटण दाबलं, पण त्याआधीच कुणीतरी उत्तर दिलं. सावकाश, तोंडात पावाचा घास असल्यासारखं, तो नेहमी बोलायचा तसंच.

"बरं, डॉक्टर. विझवले."

पुढचा फोटो आला. कोरा काळा, एकही डाग नसलेला. तिने मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरही काही नव्हतं.