घुबडाच्या पिशवीतली मऊ

"वैभवी, पिशवीत मऊ नाहीये!"

फोनवर बाबांचा आवाज इतका बारीक झाला होता की वैभवीला आधी तो ओळखूच आला नाही. मागे सुश्रुतचं रडणं ऐकू येत होतं. तिच्या चार वर्षांच्या भावाचा रडून रडून घसा बसला होता.

"नीट बघा ना, बाबा! मी स्वतः काल ठेवलीये. कानटोपीच्या खाली!"

"अगं, कानटोपीही नाहीये. यात माझ्या जुन्या पँटी आहेत!"

वैभवी मटकन खुर्चीत बसली. काय घोळ झाला ते क्षणात तिच्या लक्षात आलं.

इंग्लंडमधल्या लेस्टर गावात, त्यांच्या रस्त्यावर दर महिन्याला प्रत्येक दाराच्या फटीतून एक गुलाबी पिशवी आत पडायची. तिच्यावर घुबडाचं चित्र असायचं. नको असलेले कपडे तिच्यात भरून दाराबाहेर ठेवले की चॅरिटी संस्थेची व्हॅन येऊन घेऊन जायची. बाकीचे लोक पिशवी भरून देत, नाहीतर फेकून देत. पण वैभवीच्या घरात फुकट मिळालेली मजबूत पिशवी फेकण्याची पद्धत नव्हती! फ्रीजशेजारच्या खणात नऊ घुबडं घडी घालून ठेवलेली होती. काल आईने एका घुबडात हॉस्पिटलचं सामान भरलं आणि दुसऱ्यात बाबांच्या पँटी. सकाळी निघायच्या गडबडीत बाबांनी एक घुबड गाडीत टाकलं, एक दाराबाहेर ठेवलं. नेमकं उलटं!

आणि मऊ? मऊ म्हणजे आजीच्या जुन्या साडीचा हातभर तुकडा. एके काळी तो निळा होता म्हणे. मऊ गालाला लावल्याशिवाय सुश्रुत झोपत नसे, मग सुई टोचून घेणं तर लांबच.

"तो नर्सला हात लावू देत नाहीये," बाबा म्हणाले. "दोन वाजेपर्यंत शांत झाला नाही, तर आजचं ऑपरेशन कॅन्सल. पुढची तारीख कधी मिळेल, कोणालाच सांगता येत नाही."

ही तारीख मिळायलाच अकरा महिने लागले होते! सुश्रुतचे टॉन्सिल्स इतके वाढले होते की झोपेत त्याचा श्वास मध्येच अडकायचा. आई रोज त्याच्या उशाशी बसून राहायची. भिंतीपलीकडे वैभवीही कान लावून पडलेली असायची. त्याचा श्वास अडकला की तीही श्वास रोखून धरायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता आणखी अकरा महिने असंच ऐकत राहायचं?

हाफ टर्मची सुट्टी असल्यामुळे ती शेजारच्या नंदूकाकांकडे होती. त्यांचा मुलगा शार्दूल तिच्याच वर्गात होता. त्याने सगळं ऐकलं आणि थेट बूट घालायला घेतले.

"काका, आम्ही कोपऱ्यावरच्या चॅरिटी शॉपमध्ये जाऊ?" वैभवीने विचारलं.

काका ऑफिसच्या कॉलवर होते, कानांवर हेडफोन होते. त्यांनी स्क्रीनवरची नजर न हलवता अंगठा वर केला. चंद्रावर जाऊ का विचारलं असतं, तरी केला असता!

दानात आलेले कपडे विकणाऱ्या त्या घुबडवाल्या दुकानात पांढऱ्या केसांच्या डोरीनबाई काउंटरची काच पुसत होत्या. वैभवीने धापा टाकत सगळं सांगितलं.

"नाही गं बाळा. दारांवरच्या पिशव्या इथे येत नाहीत. थेट गोदामात जातात, तिकडे बर्मिंगहॅमजवळ," डोरीनबाई म्हणाल्या आणि काच पुसत राहिल्या.

बर्मिंगहॅम! वैभवी बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिली. संपलं सगळं. साडेबारा वाजून गेले होते. आता बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

"वैभवी! ते टोपी बघ!" शार्दूल ओरडला. त्याचं मराठी असंच होतं, पण नजर घारीची होती.

दुकानाच्या काचेमागे एक टेडी बसला होता. त्याच्या डोक्यावर पिवळी कानटोपी होती. एक कान पिवळा आणि एक हिरवा, कारण विणता विणता आजीकडची पिवळी लोकर संपली होती.

"अशी टोपी जगात एकच आहे!" वैभवी म्हणाली. "आणि लेबलवर आजची तारीख आहे! म्हणजे पिशवी आज इथेच उघडलीये. त्या बाईंना माहीतच नाहीये!"

"मग मऊ पण इथेच! पण तिला कोण विकायला ठेवणार? ती तर..." शार्दूल म्हणाला.

"फडकं आहे," वैभवी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मऊला फडकं म्हटलं होतं. तिला रडूच फुटलं.

दोघं दुकानामागे धावली. मागच्या दारी एक व्हॅन उभी होती. विकता न येणाऱ्या चिंध्यांनी भरलेली पोती एकेक करून तिच्यात चढत होती. मॅनेजर एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन उभा होता.

"ए, इथे यायला मनाई आहे! हेल्थ अँड सेफ्टी!"

"त्या पोत्यांत माझ्या भावाची..."

"नंतर, नंतर! व्हॅन निघतेय. माझी सही झाली की गेली!"

शार्दूलने एकदा पेनाकडे पाहिलं आणि अंगातला स्वेटर ओढून काढला.

"मला हे दान द्यायचंय! पण डॅड म्हणालेत, फॉर्म भरल्याशिवाय काही द्यायचं नाही. पेन मिळेल, प्लीज?"

दान म्हटल्यावर नाही कसं म्हणणार! मॅनेजरने फॉर्म आणि पेन पुढे केलं. मग शार्दूल फॉर्म भरू लागला, एकेक अक्षर कोरून! "पत्ता कॅपिटलमध्ये का? पोस्टकोडमध्ये स्पेस कुठे? अरेरे, स्पेलिंग चुकलं. दुसरा फॉर्म द्याल?" ड्रायव्हर घड्याळ बघत होता आणि मॅनेजर सुस्कारे टाकत होता.

दाराशी एकच पोतं अजून उघडं होतं. सगळ्यात शेवटचं, म्हणजे आजचंच! वैभवीने त्यात खांद्यापर्यंत हात घातला. सुश्रुतचा एकटा मोजा निघाला! आणखी खाली गेल्यावर एक फाटका टॉवेल, एक पडदा. मग हाताला पोत्याचा तळ लागला. मऊ नव्हती.

"काय चाललंय?" मॅनेजर ओरडला.

वैभवीचा सगळा धीर सुटला. मोजा छातीशी धरून ती हुंदके देत बोलत सुटली: ऑपरेशन, अकरा महिने, श्वास, दोन वाजले की कॅन्सल!

मॅनेजरने हळूच फोन खिशात टाकला. "निळसर होतं का ते? खूप जुनं? एकदम मऊ?"

"हो!"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "गोदामाची गाडी बिघडली, म्हणून आज पिशव्या मीच मागे उघडल्या. ते मी सकाळी डोरीनला दिलं. काच पुसायला."

धावत दोघं आत आली. डोरीनबाईंच्या मुठीत चुरगळलेली, ओली मऊ होती! वैभवी मघाशी तिच्यासमोरच उभी होती!

"देवा! आणि मी म्हणाले इथे नाही!" डोरीनबाईंनी टेडीच्या डोक्यावरची टोपी काढून वैभवीच्या हातात कोंबली. "पळा!"

नंदूकाका अजून कॉलवरच होते. वैभवीने सरळ लॅपटॉपचं झाकण लावलं.

"काका, गाडी!"

काकांनी रागवायला तोंड उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि किल्ली उचलली.

हॉस्पिटलमध्ये पोचायला पावणेदोन झाले. सुश्रुत आईच्या कुशीत मुटकुळं करून पडला होता. त्याने मऊ हिसकावून घेतली, नाकाला लावली आणि लगेच दूर केली.

"ही मऊ नाहीये. हिला वास येतो!"

काच पुसायच्या लिंबाच्या पाण्याचा! बाबांनी डोळे मिटून घेतले. नर्सने घड्याळाकडे पाहिलं.

"मऊचीच आंघोळ झालीये," वैभवी कशीबशी म्हणाली. "आईने सकाळी तुला कशाने आंघोळ घातली?"

सुश्रुतने स्वतःचा दंड हुंगला. "हॉस्पिटलच्या साबणाने. ऑपरेशनसाठी."

"मग? ती तुझ्याबरोबर येतेय ना!"

सुश्रुतने आधी मऊ हुंगली, पुन्हा दंड हुंगला. मग त्याने नर्सपुढे मऊ धरली.

"आधी हिला."

नर्सने गंभीर चेहऱ्याने मऊला पट्टी चिकटवली. मग सुश्रुतने आपला हात पुढे केला. दोनला तीन मिनिटं कमी होती!

संध्याकाळी ऑपरेशन नीट पार पडल्यावर नंदूकाकांनी शार्दूलच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पण तो स्वेटर शाळेचा होता ना रे?"

"हो. फॉर्म पण मीच भरला!" शार्दूल म्हणाला आणि सगळे हसले.

बाबांनी वैभवीला जवळ घेतलं. "चूक माझी होती, आणि निस्तरलीस तू. घरी गेल्यावर ती सगळी घुबडं फेकून देतो!"

"फेकायची कशाला? चांगल्या मजबूत पिशव्या आहेत," आई म्हणाली. मग तिने वैभवीचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मऊ गालाला लावून सुश्रुत झोपला होता. वैभवी सवयीने कान देऊन ऐकत राहिली, पुढचा श्वास अडकेल म्हणून वाट बघत. तो अडकला नाही. नंतरचाही नाही. मग तिला आठवलं, आपणही श्वास रोखून बसलोय, आणि तिने तो सोडून दिला.