व्हेनिसची तांबडी फरशी

ओर्नेल्ला काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. फेरारा गावात तिचं चष्म्यांचं दुकान होतं. स्वभाव तापट, पण पोटात काही ठेवणारी नव्हे. लोरिसवर तिचा जीव जडला होता. लोरिस विधुर, त्याची बायको मूळची व्हेनिसची. त्याची अट एकच होती, निवेस हो म्हणाली तरच लग्न. निवेस म्हणजे त्याची चौदा वर्षांची मुलगी. ती ओर्नेल्लाला अजूनही ‘तुम्ही’च म्हणायची, दुकानातल्या बाईला म्हणावं तसं.

नोव्हेंबरात लोरिसच्या कचेरीची सहल व्हेनिसला गेली. तिथे फोटोंचा खेळ ठेवला होता. जोडीजोडीने गल्ल्या धुंडाळायच्या, कोड्यात सांगितलेल्या वस्तू शोधून त्यांचे फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत चौकात परतायचं. पंच होता लोरिस, आणि त्याने मुद्दाम या दोघींची जोडी लावली.

“आज तिला जिंकून घे,” तो ओर्नेल्लाच्या कानात म्हणाला. “पुढचं सगळं त्यावर आहे.”

जिंकून घे म्हणे! पोरगी सकाळपासून तोंड फुगवून चालत होती. ओर्नेल्लाने भूक लागली का विचारलं, तर उत्तर आलं, “आई असल्या दुकानातलं खायची नाही.” रस्ता विचारू या म्हटलं, तर “आईला विचारावा लागायचा नाही.” दुपारपर्यंत ओर्नेल्लाचे कान किटले. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

दुपारनंतर धुकं उतरलं. कालव्याचं पाणी हलेनासं झालं आणि त्याचा कुबट, शेवाळलेला वास भिंतींतून येऊ लागला. पुढचं कोडं होतं, ‘लोक जिला टाळतात ती तांबडी’. निवेस वळली आणि एका घराखालून जाणाऱ्या बुटक्या, अंधाऱ्या बोळात शिरली. बोळाच्या मधोमध करड्या फरश्यांमध्ये एकच फरशी तांबडी होती.

समोरून हातगाडी ओढत एक म्हातारी आली. भाजीने भरलेली ती गाडी तिने कण्हत उचलली, तांबड्या फरशीला वळसा घातला आणि पलीकडे टेकवली. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

“तिच्यावर पाय देऊ नका,” निवेस म्हणाली. “इथे प्लेग येऊन थांबला होता. इथलं कोणीच पाय देत नाही. आई मला उचलून पलीकडे ठेवायची.”

पुन्हा आई! ओर्नेल्लाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने दोन्ही पाय जोडून त्या फरशीवर ठेवले, वरून टाच आपटली आणि आपल्या बुटांसकट फोटो काढला.

“हे बघ. झालं काही? उगाच आपलं काहीतरी!”

निवेसचा चेहरा पांढराफटक पडला. “आता तुमचं तुम्ही बघा,” ती हळूच म्हणाली.

पुढची खूण होती दारावरचा दगडी सिंह. दाराखाली एक माणूस होडीतून भाजीची खोकी उतरवत होता. त्याची पाठ या दोघींकडे होती, आणि तो शीळ वाजवत होता. ओर्नेल्लाने फोटो काढला, नीट आला का ते पाहिलं, आणि चमकली. फोटोत तो माणूस मान वळवून थेट तिच्याकडे बघत होता. तिने वर पाहिलं. पाठ तशीच होती आणि शीळही चालू होती.

वळला असेल क्षणभर, तिने स्वतःला समजावलं.

विहिरीच्या फोटोत दोन बायका होत्या. प्रत्यक्षात त्या एकमेकींशी बोलण्यात गुंग होत्या. फोटोत दोघी गप्प होत्या आणि नजर रोखून बघत होत्या. मागच्या खिडकीतला म्हाताराही बघत होता. आणि बघणं साधं नव्हतं हो! घरातलं माणूस गेलेलं असावं आणि त्याच्या अंथरुणात भलतंच कोणी झोपलेलं दिसावं, तेव्हा घरचे बघतील, तसं ते बघणं होतं.

पुलावर बाबागाडी घेऊन एक तरुण उभा होता. गाडीत तान्हं बाळ झोपलं होतं. ओर्नेल्लाने पुन्हा बटण दाबलं.

फोटोत बाळाचे डोळे उघडे होते. त्या एवढ्याशा तोंडावरही तोच तिरस्कार होता.

“निवेस... ही माणसं आपल्याकडे बघताहेत का गं?”

निवेसने आजूबाजूला पाहिलं. “कोणीच नाही.” मग तिने फोन हातात घेतला, एकेक फोटो पुढे सरकवला. “आपल्याकडे नाही... तुमच्याकडे.”

“चल इथून.”

“खाली बघत चला. फोटो नका काढू... एकही नका काढू.”

दोघी धुक्यातून झपाझप निघाल्या. खिडक्यांच्या बंद झडपांमागे कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं ओर्नेल्लाला वाटत होतं. एका वळणावर तिचा पाय ओल्या पायरीवरून घसरला. खाली काळं पाणी होतं. निवेसने झडप घालून तिचा दंड धरला आणि जिवाच्या आकांताने मागे ओढलं. दोघी भिंतीला टेकून धापा टाकत राहिल्या.

“तू पडली असतीस ना!” निवेस एकदम रडायला लागली. “मला पुन्हा... पुन्हा कोणी जायला नकोय.”

‘तू’ म्हणाली! ओर्नेल्लाचे डोळे भरून आले. तिने पोरीला जवळ घेतलं. भीती कुठल्या कुठे पळाली. बघेनात का मेले, बघायचं तितकं बघू देत, तिला वाटलं. निवेसने तिचा हात घट्ट धरला आणि चौक येईपर्यंत सोडला नाही.

चौकात दिवे लागले होते. बाकीच्या जोड्या केव्हाच परतल्या होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. या दोघींना हातात हात घालून येताना पाहिलं आणि लोरिसला काय करू न काय नको असं झालं.

“तशाच थांबा! हलू नका!” त्याने आपला फोन वर धरला.

“बाबा, नको!” निवेस ओरडली, पण फोटो निघाला होता.

ओर्नेल्लाने धावत जाऊन फोन हिसकावून घेतला. निवेस तिच्या हाताबरोबर ओढली गेली. फोटोत आधी तिने मागची गर्दी न्याहाळली. एकजण जांभई देत होता, एक बाई नाक पुसत होती. वेटर पेल्यांकडे बघत होता. कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं. तिने मोठा सुस्कारा सोडला.

“ओर्नेल्ला,” लोरिस तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा आवाज बदलला होता. “तू निवेसकडे अशी का बघते आहेस?”

फोटोत निवेस तिला बिलगून उभी होती. आणि ओर्नेल्ला मान वाकवून त्या पोरीकडे बघत होती, त्या बाळासारखी, त्या बायकांसारखी.

“मी... मी तर समोर बघत होते रे...”

“ओर्नेल्ला, हात सोड ना,” निवेस कळवळून म्हणाली. “दुखतोय मला.”

“सोडते गं बाळा, सोडते,” ओर्नेल्ला म्हणाली. तिने बोटं उघडायचा प्रयत्न केला, आणि ती आणखी आवळली गेली.