आतून न उघडणारं कपाट

या, असे जवळ सरकून बसा. आज एका कपाटाची गोष्ट सांगायची आहे, आणि देवाच्या कृपेनं ती रडवता रडवता हसवणारी आहे!

चौकशीचे साहेब ठरल्या वेळेआधीच दारात उभे राहिले, पळायला दुसरी वाट नव्हती, म्हणून दादा घाईघाईनं आईच्या कपाटात शिरला आणि दार ओढून घेतलं... खट्ट! कुलूप बसलं. ओढताच बसणारं, फक्त बाहेरूनच उघडणारं ते कुलूप त्याच्याच हातचं. साऱ्या गल्लीचा किल्लीवाला आपल्याच कारागिरीत अडकला!

तरुणपणी मित्रांच्या नादी लागून त्यानं एका गोदामाचं कुलूप उघडून दिलं होतं, त्याची शिक्षा भोगून तो आला होता. पुढे वडील गेले, आणि त्याच हातांनी किल्ल्या घासघासून त्यानं धाकट्या बहिणीला शिकवलं. आता त्याची चिमी सरकारच्या गुप्त कागदांच्या खात्यात लागायची होती. घरची चौकशी तेवढी उरली होती.

"भाऊ नाही म्हणून सांग, चिमे," तो म्हणाला होता. "मी परगावी दुकान टाकतो." चिमी तेव्हा तोंड फिरवून आत निघून गेली होती.

डांबराच्या गोळ्यांच्या वासात दादा श्वास रोखून ऐकू लागला.

"मुलं किती तुम्हाला?" साहेबांनी आईला विचारलं.

"ही... ही एकुलती एकच," आई म्हणाली.

त्यानंच पढवलेलं वाक्य! तरी दादाच्या काळजात चर्र झालं... आईच्या मऊ शालीत तोंड खुपसून तो मनोमन म्हणाला, 'देवा, मी नसलो तरी चालेल, पोरीचं तेवढं भलं कर!'

"साहेब, आईला बोल लावू नका, पण हे खोटं आहे," चिमीचा आवाज आला. "मला भाऊ आहे. तुरुंगात जाऊन आलेला. त्यानंच मला शिकवलंय."

"अगं ए बये!" कपाट ओरडलं.

"कपाट बोलतं वाटतं तुमचं?" साहेब म्हणाले.

चिमीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "आमच्या घरात गुपित एवढं एकच, साहेब. थांबा, किल्ली आणते!"

दार उघडलं. खांद्यावर आईची शाल, डोळ्यांत पाणी, असा दादा हात जोडून बाहेर आला. "साहेब, गुन्हा माझा... हिला शिक्षा नको!"

"अहो, तुमचं सगळं आम्हाला ठाऊक होतं," साहेब शांतपणे म्हणाले. "घरातला जुना डाग आम्ही तपासतो, तोलतो. पण जो असा डाग लपवतो, त्याला उद्या कुणीही धमकावून सरकारी गुपित काढून घेईल. निर्णय वरिष्ठांचा, मी मात्र आज ऐकलं तेच कळवीन." जाताना ते उंबऱ्यात थबकले. "आणि किल्लीवाले, एखादं कुलूप आतून उघडणारंही करत जा!"

आईनं दादाला घट्ट कवटाळलं. "पुन्हा मला 'नाही' म्हणायला लावलंस तर थोबाडीत देईन, मेल्या!" आणि तिघंही रडत रडत हसत सुटली...

चिमीला नोकरी लागली. परगावचं दुकान बारगळलं. आणि त्या कपाटाला आज कुलूपच नाही!

तेव्हा मायबाप, तुमच्याही घरात कुणी तुमच्या भल्यासाठी स्वतःला मिटून घेऊन अंधारात बसलं असेल... घरी गेल्यावर त्याची आठवण ठेवा. किल्ली बाहेर, तुमच्याच हाती आहे.