अडीच किलो कुठे गेले?

"तीनशे पंच्याण्णव... आणि अर्धा!" काट्यावरच्या माणसाने आकडा वाचला.

मामाने टोपी हवेत भिरकावली. "ऐकलंत का? चारशेची मर्यादा, आणि आपली गाडी साडेचार किलो आत! अरे, पीस आहे पीस!"

भोंग्याने अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या तंबूतल्या मेकॅनिकच्या हातून पाना पडला. भोंगा म्हणजे तोळाचा चुलतभाऊ. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. तिसरी खार. शेजारच्या घरातली, दहा वर्षांची, काडीसारखी. मांजर जिथे अडकेल तिथून ही सुळकन बाहेर पडायची. तीही टाळ्या पिटत होती.

फक्त तोळा हातातल्या वहीकडे बघत होती.

वहीत लिहिलं होतं, तीनशे अठ्ठ्याण्णव.

गाडीचं नाव चतुर. तोळाच्या आईने ती स्वतःच्या हातांनी बनवली होती. दिवसभर आईच्या वर्कशॉपमध्ये फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग व्हायच्या. कामगार घरी गेले, की मागच्या कोपऱ्यात चतुरचं काम सुरू. पाइपांचा सांगाडा, मागे मोटरसायकलचं इंजिन, वर पातळ पत्रा. छत नाही, दारं नाहीत. आठ महिने लागले होते. आणि आज आई त्याच गाडीत बसून टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्याने घड्याळाशी शर्यत लावणार होती!

आईचे दोन नियम होते. पहिला, तोलल्याशिवाय एकही भाग गाडीत जाणार नाही. सगळी सुट्टी तोळाने तोलण्यात आणि वहीत उतरवण्यात घालवली होती. मामाने तिचं 'तोळा' हे नाव पाडलं ते त्यावरूनच. दुसरा नियम पिवळ्या रेघेचा. नट शेवटचा आवळला, की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. पिवळी रेघ आहे म्हणजे आईचा हात फिरला आहे; तिला विचारल्याशिवाय तिथे पाना लावायचा नाही. रेघा ओढायचं कामही तोळाकडेच होतं.

"मामा, गाडी अडीच किलो कमी भरतेय," ती म्हणाली.

"मग नाच की!"

"पण ते अडीच किलो गेले कुठे?"

"गेले उडत! अगं, वजन वाढलं तर रडायचं असतं. पेट्रोल कमी असेल," मामा घाईघाईने म्हणाला आणि लगेच पाठ फिरवून चाकं पुसायला लागला. पुसलेलीच चाकं!

एवढ्यात तपासनीस आला. झुपकेदार मिश्या, कानाला पेन्सिल आणि पुढे तपासायच्या अजून वीस गाड्या. त्याने चाकाला लाथ मारली, बेल्ट चिमटीत धरून जरासा ओढला आणि आत डोकावला. "पिवळ्या रेघा आहेत ना सगळीकडे? झकास!" म्हणत त्याने चतुरच्या नाकावर हिरवं स्टिकर चिकटवलं. "हे जपा. हे नसेल तर माझ्या सख्ख्या भावाची गाडीसुद्धा सुटायची नाही."

आई हेल्मेट काखेत मारून चालकांच्या सभेला निघाली होती. जाता जाता तिने तोळाचा गाल ओढला. बोटांना ग्रीसचा वास होता. "तोंड का गं एवढंसं झालंय?"

"आई, वजन..."

लाउडस्पीकर खरखरला, "सर्व चालकांनी ताबडतोब यावं!"

"आल्यावर बोलू, हं?" आणि ती गेलीसुद्धा.

"काटाच खोटा असेल," खार म्हणाली.

"मग त्यालाच तोलू!" भोंगा म्हणाला. तो काट्यावरच्या माणसाकडे गेला. "काका, यावर हत्ती मोजता येईल?"

"हत्ती कशाला? तू ये ना, तेवढंच होईल!"

दोघांची हुज्जत चालू असताना तोळा आणि खारीने सुटं चाक घरंगळत आणून काट्यावर ठेवलं. साडेअकरा. वहीत? साडेअकरा!

म्हणजे काटा खरा होता.

परतताना भोंगा कळवळला. "आई गं! माझा अंगठा!" हत्यारांची ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून मामाने तिच्या चार कोपऱ्यांवर चिंध्यांत गुंडाळलेली चार वजनं ठेवली होती. त्यातल्याच एकाला त्याची ठेच लागली होती. "धोंडे ठेवलेत की काय?"

तोळाचं लक्ष नव्हतं. तिने काट्याचे आकडे चाकाचाकागणिक टिपून घेतले होते. पुढची दोन चाकं मिळून एकशे ऐंशी, गेल्या आठवड्यात घरी भरली तेवढीच. मागची दोन मात्र दोनशे अठराच्या जागी दोनशे साडेपंधरा.

"पेट्रोल नाहीच!" ती ओरडली. "टाकी पुढे आहे. गेलंय ते मागचं काहीतरी गेलंय!"

चतुर रांगेत उभी होती. इंजिन बंद. मामा चहाला गेला होता. भोंग्याने चाकांना विटा लावल्या, आणि तोळाने खारीच्या हातात टॉर्च आणि लोहचुंबक दिला. एरवी वर्कशॉपमध्ये सांडलेले स्क्रू गोळा करायचा तोच. खार पाठीवर सरपटत गाडीच्या शेपटाखाली नाहीशी झाली.

"काय दिसतंय?"

"इंजिन... साखळी... सीटमागचा पत्रा. बेल्टच्या चार प्लेटा. काळ्या. नटांवर रेघाही आहेत पिवळ्या."

तोळाने उसासा टाकला. मग एकदम विचारलं, "खारे, रेघेला शेपटी आहे?"

"शेपटी?"

तोळाला सवयच होती. रेघ संपली की ब्रश उचलताना ती तो किंचित वळवायची. आई चिडवायची, 'आमच्या बाईसाहेबांची शेपटीवाली रेघ!'

"नाही गं. सरळ आहे, पट्टीने मारल्यासारखी. चारही तशाच."

"चुंबक लाव प्लेटला."

आतून सरपटल्याचा आवाज आला. मग टण्! पुन्हा टण्!

"चिकटतच नाहीये! सारखा खाली पडतोय!"

त्या चार प्लेटा पोलादाच्या होत्या, प्रत्येकी साडेनऊशे ग्रॅम. तिनेच तोलल्या होत्या. गाडी कशावर आदळली, तर आईला सीटमध्ये धरून ठेवणार होत्या त्याच! पोलादाला चुंबक चिकटणार नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

मामा चहाचा कप घेऊन येताना दिसला. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून तो जागीच थांबला.

"मामा, बेल्टच्या प्लेटा बदलल्यास?"

"हळू बोल!" मामाने इकडेतिकडे बघितलं. "काल तुम्ही सामान बांधत होता, तेव्हा ॲल्युमिनियमच्या लावल्या. वर काळा रंग दिला. वजन कमी म्हणजे वेळ कमी! आता ताईला काही सांगू नका. शर्यतीआधी डोकं शांत लागतं. आणि विमानं कशाची असतात? ॲल्युमिनियमचीच ना?"

"विमानाला वर आकाशात वळणावर रचलेली टायरांची भिंत नसते!" भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलला होता.

तोळा तपासनिसाकडे धावली. त्याने कागदातून मान वर काढली नाही. "स्टिकर लागलं, सही झाली. आता लुडबुड नको. मुलांनी दोरीच्या मागे!"

"पण काका, बेल्टच्या..."

"दोरीच्या मागे!"

ती वळली. आई सभेतून थेट गाडीत जाऊन बसली होती. हेल्मेट चढलं होतं, बेल्ट आवळले होते, चतुर गुरगुरत होती. पुढे दोनच गाड्या.

"आई!" तोळा जिवाच्या आकांताने ओरडली. "काकू!" भोंगा ओरडला, सगळा भोंगा पणाला लावून. पण तिथे पाच इंजिनं गरजत होती. आईची नजर समोरच्या झेंड्यावर खिळली होती.

पुढची गाडी सुटली. आता एकच उरली.

'हे नसेल तर माझ्या सख्ख्या भावाची गाडीसुद्धा...'

"भोंग्या, त्या दोरीपाशी पहारा देणाऱ्या काकांना काहीही विचार!"

"काय विचारू?"

"हत्ती!"

भोंगा सुटला. तोळा दोरीखालून वाकून आत शिरली आणि थेट चतुरच्या नाकापाशी गेली. हेल्मेटच्या काचेतून आईचे डोळे तिला दिसले. आधी चकित झालेले, आणि मग, तोळाचं नख स्टिकरच्या कडेखाली शिरताच, संतापलेले. त्या डोळ्यांकडे बघत हात चालवणं फार अवघड होतं. तरी तिने डोळे मिटले नाहीत. चर्रर्र! हिरवं स्टिकर तिच्या मुठीत आलं.

झेंडेवाला धावत आला. "स्टिकर कुठंय? स्टिकर नाही तर शर्यत नाही! गाडी बाजूला घ्या! या गटाच्या नऊ गाड्या राहिल्यात. त्या सुटेपर्यंत तपासणी झाली तर झाली, नाहीतर घरी!"

तपासनीस लालबुंद होऊन आला. "कुणी काढलं ते?"

"मी." तोळाचा आवाज मुंगीएवढा झाला होता. "आधी हे बघा. मग काय शिक्षा करायची ती करा."

तिने शेपटाखाली हात घालून चुंबक प्लेटला लावला आणि सोडला. टण्!

तपासनिसाची पेन्सिल कानावरून खाली पडली. आईला उतरवून त्याने सीटवर पाय रोवला, दोन्ही हातांनी बेल्ट धरला आणि सगळा जोर लावून खेचला. कर्रर्र... मागे प्लेट कागदासारखी दुमडली.

आईने हेल्मेट काढलं. तिने तोळाकडे बघितलंच नाही. बघितलं ते मामाकडे. "कुणी?"

"ताई... मी... म्हटलं तुला आश्चर्याचा धक्का द्यावा..."

"दिलास," आई म्हणाली. "जुन्या कुठे आहेत?"

मामाने मान खाली घातली. "ताडपत्रीवर. कोपऱ्यांना."

"माझा अंगठा!" भोंगा किंचाळला आणि वाऱ्यासारखा पळाला.

पुढची पंधरा मिनिटं तोळा जन्मात विसरणार नव्हती. एकेक गाडी गर्जत सुटत होती आणि खार मोठ्याने मोजत होती, "सात राहिल्या! सहा!" आईचे हात घाई न करता भराभर चालत होते. मामा पलीकडून पाना धरून आडवा पडला होता. "तू फक्त धर," आईने त्याला बजावलं, "डोकं चालवू नकोस." शेवटचा नट आवळला गेला. तोळाने ब्रश उचलला आणि ती घाईघाईने रेघ ओढायला वाकली.

"सावकाश," आई म्हणाली. "शेपटीसकट ओढ."

चार रेघा. चार शेपट्या. तपासनिसाने या वेळी एकेक नट हाताने चाचपला, एकेक बेल्ट अंगाचा भार टाकून ओढला. काट्यावर आकडा आला, तीनशे अठ्ठ्याण्णव! नवं स्टिकर लागलं तेव्हा रांगेत एकही गाडी उरली नव्हती.

झेंडा पडला. चतुर सुटली.

खालून फक्त पहिलं वळण दिसत होतं. पुढचं सगळं कानांनीच बघायचं होतं. इंजिनाचा सूर चढला, उतरला, पुन्हा चढला. दुसरं वळण गेलं. तिसरं... टायर किंचाळले. धाड!

आणि इंजिन बंद.

मामा मटकन खाली बसला. खारीने तोळाचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. लाउडस्पीकर खरखरला, "तिसऱ्या वळणावर गाडी टायरांच्या भिंतीवर समोरून आदळली आहे..."

एक. दोन. तीन. चार. तोळा मोजत राहिली. मोजण्याशिवाय तिला काही येतच नव्हतं. नऊ. दहा.

फट्! फट्! फर्रर्र!

"...चालक ठीक आहे! हात हलवतेय! आणि... अहो, गाडी पुन्हा निघाली!"

चतुर गटात शेवटून दुसरी आली. परतली तेव्हा तिचं नाक पार चेपलं होतं. आई उतरली, कॉलर बाजूला केली. खांद्यावर बेल्टचा रुंद लालभडक वळ उठला होता. "काय धरून ठेवलं गं त्यांनी!" ती म्हणाली आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज थरथरला.

तपासनीस टॉर्च घेऊन शेपटाखाली गेला. बाहेर आला तो डोक्यावरची टोपी काढूनच. "एकही रेघ तुटलेली नाही," तो तोळाला म्हणाला. "पोरी, मघाशी तू सांगायला आलीस तेव्हा मी मान वर करायला हवी होती. तुम्हा तिघांमुळे आज मला रात्री झोप लागेल. तो चुंबक कुठे मिळतो, तेवढं सांगून ठेव."

मामाने खाली पडलेली वही उचलून तोळाच्या हातात दिली. त्याचे डोळे ओले होते. "यापुढे मी साधा स्क्रू जरी उघडला, तरी आधी तुझी सही घेईन."

"आणि वजनच घटवायचं असेल मामा," भोंगा म्हणाला, "तर तुझ्या पोटापासून सुरुवात करू!"

सगळे हसले. तोळा मात्र आईकडेच बघत होती. "आई, मी स्टिकर काढताना तू रागावली होतीस ना?"

"रागावले? वाटलं, उतरून दोन धपाटे घालावेत."

"आणि आता?"

आईने पिवळ्या रंगाचा ब्रश उचलला. तोळाचा हात हातात घेऊन तिच्या मनगटावर अलगद एक रेघ ओढली. शेवटी छोटीशी शेपटीही काढली.

"आता काय? माझ्या गाडीतला सगळ्यात पक्का नट तू आहेस."

"काकू, मला पण!" भोंगा ओरडला.

शेजारच्या तंबूत मेकॅनिकच्या हातून पुन्हा पाना पडला.